आजीच्या लुगड्याची कुंची

मंडळी, सुलतान बाजार, काचीगुड्यातल्या आपल्या जुन्या घरांत बाळंतविडा कुणी विकत आणत नसे. तो माहेरून यायचा, आणि बऱ्याच जणींचं माहेर म्हणजे मराठवाडा. नांदेड, परभणी तेव्हा निजामाच्याच राज्यात. मनमाड-काचीगुडा मीटरगेज गाडीतून गाठोडं यायचं.

त्यात नवं कापड कमीच. धुऊन धुऊन मऊ झालेलं आजीचं नऊवारी लुगडं फाडायचं. मधल्या भागाची दुपटी, उरल्यासुरल्याचे लंगोट, काठ-पदराची कुंची. कुंची अगदी सोपी हो! हातभर कापड दुमडायचं, एक बाजू शिवायची, चेहऱ्याभोवती काठ, हनुवटीखाली बंद. पाठीवर सोडलेला भाग मानेला वारा लागू देत नाही. झबल्यालाही बंदच, कारण बटण बाळाच्या तोंडात जातं.

चिंध्यांची गोधडी. आमची आजी तिला वाकळ म्हणायची, शेजारच्या तेलुगू काकू बोंत, आणि गल्लीतल्या दखनीत ती गुदडी. टाका सगळ्यांचा एकच, धावदोरा.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण आंध्र प्रदेशात राहिलो. आईचं नांदेडचं माहेर एका रात्रीत परराज्यात! पण गाठोडी येतच राहिली, हे इतिहासाच्या पुस्तकात कुठे सापडत नाही. माझा जन्म त्यानंतरचा, आणि माझी कुंची आजीच्या लुगड्याचीच. काठ विरलाय, तरी नातीच्या बारशाला तीच घातली.

तुमच्या ट्रंकेत अशी कुंची असेल तर फोटो टाका. लुगडं कुणाचं होतं, तेही लिहा. सांगणारे आता थोडेच उरलेत.