गारपीट : हिंगोली जिल्हा

हिंगोली जिल्ह्यात आभाळातून पडणारे बर्फ म्हणजे गारच. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा सुमारे २०° उत्तर अक्षांशावर पठारी भागात असून येथे हिमवर्षाव होत नाही. गारपीट मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. त्या वेळी शेतात हरभरा, गहू, ज्वारी काढणीला आलेली असते आणि वसमत, कळमनुरी भागात शिजवलेली हळद उघड्यावर वाळत असते.

उंचावरून येणारे थंड पश्चिमी वारे आणि खालच्या थरातील समुद्रावरची ओलसर हवा पठारावर एकमेकांना भिडतात, तेव्हा उंच गडगडाटी ढग बनतात. ढगात वर चढणाऱ्या हवेच्या झोतात अतिशीत (शून्याखालीही द्रव राहिलेले) थेंब बर्फाच्या कणावर गोठत जातात आणि झोताला वजन पेलवेनासे झाले की गार खाली येते. हवामान बदलामुळे गारपीट वाढते असे म्हटले की, हवा तापत असताना बर्फ कमी पडायला हवे, असा आक्षेप येतो. तो सरळ वाटला तरी अपुरा आहे. तापमान १ अंशाने वाढल्यास हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे ढगाला अधिक ऊर्जा मिळू शकते. गोठणपातळीही (ज्या उंचीवर तापमान शून्याला पोचते ती) वर सरकते आणि लहान गारा वाटेतच वितळतात. मोठी गार मात्र इतक्या वेगाने पडते की तिला वितळायला पुरेसा अवधी मिळत नाही. म्हणून गारपिटीचे प्रसंग कमी होऊनही उरलेले अधिक घातक ठरणे शक्य आहे. ही भौतिकीवर आधारलेली अपेक्षा झाली. प्रत्यक्ष नोंदींच्या आधारे गारपीट वाढली वा घटली असे ठामपणे सांगता येत नाही, असेच हवामान बदलावरील आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) २०२१च्या अहवालाचेही म्हणणे आहे.

अडचण नोंदींच्या स्वरूपात आहे. ‘चेसिंग आइस’ (२०१२) या माहितीपटात हिमनद्यांसमोर वर्षानुवर्षे कॅमेरे ठेवून बर्फ मागे हटताना दाखवता आला, कारण ते बर्फ जागेवर होते. गार काही मिनिटांत वितळते. मागे राहतो तो पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पिकाचे नुकसान मोजतात आणि २०१५पासून ३३ टक्के वा त्याहून अधिक हानी मदतीस पात्र धरली जाते. गारेचा व्यास, तिचे वजन, ती किती वेळ पडली हे त्यात हाती लागत नाही. बहुतेक अहवालांत ‘अवकाळी पाऊस व गारपीट’ असा एकच मथळा असतो. वाळत घातलेली हळद पावसाने भिजून खराब झाली तरी नुकसान त्याच मथळ्याखाली जाते. फेब्रुवारी-मार्च २०१४मध्ये मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागाला गारपिटीने झोडपले. त्या आपत्तीवर बारामतीच्या राष्ट्रीय अजैविक स्ट्रेस व्यवस्थापन संस्थेने स्वतंत्र पुस्तिका काढली, म्हणून तो प्रसंग आज इतरांपेक्षा ठळक दिसतो. फेब्रुवारी २०१८मध्येही मराठवाडा व विदर्भात गारपीट झाली. दोन ठळक प्रसंग म्हणजे कल नव्हे. पीक बदलले, पेरा वाढला किंवा भरपाईचे निकष बदलले, तरी कागदावरची गारपीट वाढलेली दिसू शकते.

यावर असे म्हटले जाईल की शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले नाकारण्याचा हा प्रकार आहे. तसे नाही. नुकसान खरे आहे आणि भरपाई हवामान बदलाच्या पुराव्यासाठी थांबता कामा नये. पण गारा पूर्वीपेक्षा मोठ्या पडतात का, हा प्रश्न नुकसानीच्या आकड्यांनी सुटणारा नाही. त्यासाठी गारच मोजावी लागेल, आणि साधन महागही नाही : धातूच्या पातळ वर्खाने मढवलेली फेसाळ प्लास्टिकची पाटी. तिच्यावर पडलेल्या खळग्यांवरून गारांचा आकार आणि संख्या काढता येते. दक्षिण फ्रान्समध्ये अशा पाट्यांचे जाळे १९८०च्या दशकापासून आहे. पाटीवरून गार नेमकी केव्हा पडली हे कळत नाही आणि प्रत्येक गारपिटीनंतर ती बदलावी लागते. तरीही औंढा नागनाथ, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि हिंगोली या पाचही तालुक्यांत अशी नोंद दीर्घकाळ ठेवली गेली, तर पंचनाम्याशेजारी बर्फाचाही पुरावा उभा राहील.