सूडाचा शेवट: अथेन्सचा आणि ‘शोले’चा

मारधाडीच्या चित्रपटांविषयी वडीलधाऱ्यांची तक्रार नवी नाही. पडद्यावरील रक्तपात पाहून ‘जुनी नाटके किती सोज्वळ होती’ असे सहज म्हटले जाते. इतिहास मात्र या विधानाला दुजोरा देत नाही. प्राचीन ग्रीक शोकांतिकांत पतीचा खून, मातेचा वध, पोटच्या कन्येचा बळी असेच विषय आढळतात. मग भेद आहे तो कोठे?

इ. स. पूर्व ४५८ मध्ये अथेन्सच्या डायोनिसस-उत्सवात एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी सादर झाली. ट्रॉयहून विजयी होऊन परतलेल्या ॲगमेम्नॉन राजाचा त्याची राणी क्लायटेम्नेस्ट्रा वध करते. कारण युद्धास निघताना त्याने त्यांची कन्या इफिजिनिया हिचा बळी दिलेला असतो. पुढे पुत्र ओरेस्टेस पित्याच्या सूडापोटी मातेलाच मारतो. यांपैकी एकही घाव प्रेक्षकांदेखत पडत नाही. राजवाड्यातून किंकाळी ऐकू येते, मग दार उघडते आणि प्रेते दिसतात. त्यानंतर रंगमंचावर प्रश्न उरतात: दोष कोणाचा? आणि ही परंपरा थांबणार कधी?

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला रमेश सिप्पी दिग्दर्शित ‘शोले’ हा आपल्याकडील अशा चित्रपटांचा मानदंडच. त्याचीही कथा सूडाचीच. विशेष असे, की त्यातील सर्वांत जड मृत्यू ग्रीक रीतीनेच येतो. इमामसाहेबांच्या तरुण मुलाची हत्या आपण पाहत नाही. घोडा त्याचे शव गावात आणतो आणि आंधळा बाप त्याच्यापाशी येऊन पोहोचतो. तो प्रसंग प्रेक्षक विसरत नाहीत. परंतु त्याच चित्रपटात आगगाडीवरील आणि होळीच्या दिवशीच्या हल्ल्यांत कित्येक दरोडेखोर घोड्यांवरून कोसळतात. त्यांना नाव नाही, त्यांच्यासाठी रडणारे कोणी नाही. मृत्यूचा शोक आणि मृत्यूचा खेळ, दोन्ही एकाच कलाकृतीत शेजारी शेजारी नांदतात. शोकांतिका मात्र मृत्यूचा खेळ होऊ देत नाही.

दोहोंचे शेवट तर अधिकच बोलके आहेत. एस्किलस ओरेस्टेसला अथेन्सच्या अरिओपागस न्यायसभेपुढे उभा करतो. ‘ओरेस्टिया’च्या चारेक वर्षे आधी एफिअल्टीज या नेत्याने याच सभेचे अधिकार कमी करून तिच्याकडे मुख्यतः मनुष्यवधाचे खटले ठेवले होते, पुढे त्याचीही हत्या झाली होती. तेव्हा रक्ताला रक्त की न्यायसभा, हा प्रेक्षकांचा जिवंत प्रश्न होता. नाटकात दोन्ही पक्ष बोलतात, मते समसमान पडतात आणि अथेना देवीच्या मताने ओरेस्टेस सुटतो. मातेच्या रक्ताचा जाब मागणाऱ्या सूडदेवतांना मात्र हाकलले जात नाही. त्यांची समजूत घालून नगरात मानाचे स्थान दिले जाते.

‘शोले’च्या मूळ शेवटात हात गमावलेला ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरला ठार करतो आणि मग रडू लागतो. २५ जून १९७५ रोजी घोषित झालेल्या आणीबाणीच्या त्या दिवसांत सेन्सॉर मंडळाला हा शेवट मान्य झाला नाही. म्हणून प्रदर्शित चित्रपटात ऐन क्षणी पोलीस येतात आणि गब्बरला ताब्यात घेतात. मूळ शेवटासह जतन केलेली प्रत २०२५ साली इटलीतील बोलोन्या येथे दाखविण्यात आली.

मंडळाचा हेतू, कायदा कोणी हाती घेऊ नये, हा योग्यच म्हणावा लागेल. तथापि बाहेरून आलेल्या पोलिसांमुळे ठाकुराच्या मनातील सूड निवत नाही; तो केवळ अडवला जातो. उलट, सूड घेऊनही गेलेले कुटुंब परत येत नाही, हे सत्य त्या वगळलेल्या अश्रूंतच होते. अथेन्सने दुखावलेल्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि मग न्याय दिला. आपल्या मुलांसोबत चित्रपट पाहताना रक्त किती सांडले, एवढेच मोजू नये. ज्याचे सांडले, त्याच्यासाठी कोणी रडले काय, हेही त्यांना विचारावे.