कोंकणच्या कातळावरील गेंडा

पावसाळा सरल्यावर रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यांवरून हिंडणारास जांभ्या दगडाच्या उघड्या पाठीवर कोरलेल्या मोठमोठ्या आकृति आढळतात. या कातळशिल्पांविषयीं अलीकडे बरेंच लिहिलें गेलें आहे, आणि २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादींत त्यांतील कांहीं स्थळांचा समावेशहि झाला; तेव्हां त्यांचें समग्र वर्णन येथें करण्याचें प्रयोजन नाहीं. आम्हांस वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे तें त्यांतील एकाच जनावराकडे. रत्नागिरी तालुक्यांतील देऊड येथें कातळावर जीं चित्रें आहेत, त्यांत एक गेंडा आहे.

गेंडा आणि कोंकण ही जोडी कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आज एकशिंगी गेंडा पाहावयाचा तर आसामांतील काझीरंगा अगर नेपाळची तराई गांठावी लागते. आमच्याकडे त्याचें नांव उरलें आहे तें निगरगट्ट माणसाच्या कातडीस उपमा देण्यापुरतें. कोणी म्हणेल, न पाहिलेलें जनावर ऐकीव माहितीवरून कोरलें असेल. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पण आम्हांस तो पटत नाहीं. उत्तर गुजराथेंत लांघणज येथें मध्याश्मयुगीन वस्तीच्या उत्खननांत गेंड्याच्या खांद्याचें हाड मिळालें आहे, व तें ऐरणीसारखें वापरल्याच्या खुणा त्यावर आहेत. सिंधुसंस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा आहे. सोळाव्या शतकांत बाबरानें सिंधु नदीच्या परिसरांत त्याची शिकार केल्याचें आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. एवढ्या विस्तीर्ण मुलखांत फिरणारा प्राणी पाऊसपाण्यानें समृद्ध अशा कोंकणांतहि होता, असें मानण्यास हरकत ती कोणती? चित्रांच्या काळाविषयीं मात्र विद्वानांत एकमत नाहीं. कांहीं अभ्यासक तो दहा हजार वर्षांपर्यंत मागें नेतात.

कोरणारांस मोठ्या जनावरांचें वेड होतें खरें. राजापूर तालुक्यांतील कशेळी (कनकादित्याचें म्हणून हें गांव सर्वांस ठाऊक आहे) येथील हत्ती सुमारें १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असून त्याच्या पोटांत इतर प्राण्यांच्या कितीतरी लहान आकृति सामावल्या आहेत. ज्या जांभ्यावर हें सर्व आहे, तोच घरबांधणीच्या चिऱ्यांसाठीं कापला जातो, ही या चित्रांच्या जिवावरची गोष्ट आहे.

'प्रचंड प्राचीन प्राणी' म्हणतांच आमच्या विद्यार्थ्यांस डायनोसॉर आठवतात. त्यांचा अंत ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं झाला. त्या अंतास आकाशांतून आदळलेल्या पाषाणाबरोबर, याच जांभ्याच्या तळाशीं असलेला आमचा दख्खनचा लाव्हारसहि कितपत जबाबदार होता, हा वाद जुना आहे. पण मनुष्यप्राणी त्या वेळीं जन्मास यावयाचा होता. आम्ही बोलत आहों तें मनुष्यानें डोळ्यांनीं पाहिलेल्या जनावरांविषयीं.

त्यांतले खरे थोराड निराळेच. नर्मदेच्या गाळांत सांपडलेल्या एका अजस्र हत्तीस फाल्कनर व कॉटली यांनीं नदीवरूनच 'नामाडिकस' हें नांव दिलें. त्याचेच अवशेष गोदावरीच्या गाळांतहि असल्याची नोंद पिलग्रिम या भूशास्त्रज्ञानें १९०५ सालीं प्रसिद्ध केली. नर्मदेंत पाणघोडेहि होते. चाळीसगांवाजवळ पाटणें येथें शहामृगाच्या अंड्यांचीं कवचें मिळालीं असून, त्यांतील एका तुकड्यावर सुमारें २५,००० वर्षांपूर्वींच्या मनुष्यानें नक्षी कोरली आहे. आज हिंदुस्थानांत ना पाणघोडा, ना शहामृग.

हे प्राणी कां गेले? एक पक्ष शिकारी मनुष्यास दोष देतो, दुसरा हवामानास. अमेरिकेंत मॅमथादि थोर प्राण्यांचा संहार इतका सरसकट झाला, कीं पहिल्या पक्षास तेथें बळ मिळतें. आपल्याकडे मात्र हत्ती, गेंडा, गवा, वाघ हे सर्व राहिले. गेले ते मोजकेच. येथील जनावरें फार पूर्वींपासून मनुष्याच्या सहवासांत होतीं आणि त्यास भिण्यास शिकलीं होतीं, हें त्याचें एक कारण सांगतात व आम्हांस तें सयुक्तिक वाटतें. पाणघोड्यास बारमाही पाणी हवें. हिमयुगाच्या अखेरच्या भागांत मोसमी पाऊस क्षीण झाला, नद्या आटल्या. मग उरल्यासुरल्या डोहांवर भाला घेतलेला मनुष्य उभा असला तर दोष कोणाचा म्हणावयाचा?

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. गेंड्याची मादी सुमारें सोळा महिने गर्भ वागवून एकच पिल्लूं देते व पुढच्या पिल्लास सुमारें तीन वर्षें लागतात. हत्तीचा गर्भ तर बावीस महिन्यांचा. अशा जातीचा उच्छेद होण्यास प्रलय लागत नाहीं. वर्षाकाठीं जन्मापेक्षां चार-दोन मृत्यु अधिक झाले आणि तसेंच चालत राहिलें, तर एका माणसाच्या आयुष्यांत कोणाच्या लक्षांतहि न येतां एक खोरें रिकामें होतें, पुढें दुसरें. देऊडच्या गेंड्याचें असेंच झालें असावें. सुमारें २०,००० वर्षांपूर्वीं समुद्र आजच्याहून १२० मीटर खालीं होता व कोंकणची किनारपट्टी कित्येक कोस पश्चिमेस होती; समुद्र चढला तशी ती सारी सखल भूमि बुडाली. मग शेती आली. गेंड्यास उंच गवत, चिखल व नदीकांठची ओली जमीन हवी, आणि भातशेतीस नेमकी तीच हवी. या झगड्यांत कोण हरणार हें ठरलेलेंच होतें. हा आमचा तर्क आहे. परंतु काझीरंग्यांत थोडे गेंडे उरले व १९०५ पासून त्या जंगलास संरक्षण मिळत गेलें म्हणूनच २०२२ च्या मोजणींत तेथें २,६१३ भरले. तो एक कोपरा नसता, तर गेंड्याचें नांव आपण पाणघोड्याच्याच पंक्तीस लिहिलें असतें.

हत्तीची गोष्ट किंचित् वेगळी आहे. उक्षीच्या सड्यावर कोरलेला हत्ती रत्नागिरीकरांनीं चित्रांतच पाहावा अशी स्थिति असतां, २००२ सालीं कर्नाटकाच्या जंगलांतून खरे हत्ती शेजारच्या सिंधुदुर्गांत दोडामार्गाकडे उतरले. तेव्हांपासून तेथील बागाईतदार त्यांच्या बंदोबस्ताची मागणी करीत आले आहेत, आणि त्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार दिवाणखान्यांत बसून हें लिहिणाऱ्या आम्हांस नाहीं. माड धरावयास सात-आठ वर्षें लागतात. हत्ती तो एका रात्रींत पाडतो.