घर, बिऱ्हाड आणि खोली : गिरणगावच्या जमाखर्चाचा एक विचार

हलाखीच्या महानगरात राहणे हिताचे की अहिताचे, हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरणगावातील कामगार कुटुंबांपुढे तो पिढ्यान्‌पिढ्या उभा होता. इतिहासकार त्याचे उत्तर बहुधा जनगणनेच्या आणि आरोग्यखात्याच्या अहवालांत शोधतात. ती साधने अपरिहार्य आहेत. परंतु त्यांत तराजूचे एकच पारडे दिसते. दुसरे पारडे शहराबाहेर, गावी होते. त्याची नोंद कामगारांच्या नित्याच्या शब्दांत अधिक स्पष्ट उमटली आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम दिसणारे पारडे पाहू. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. त्यानंतर सदुसष्ट वर्षांनी, १९२१ च्या जनगणनेत, शहरातील दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे चौऱ्याऐंशी बाहेर जन्मलेले होते. दोनतृतीयांशाच्या आसपास लोक एकेका खोलीत राहत होते आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया अवघ्या ५२५ होत्या. त्याच वर्षी नोंदलेला बालमृत्यूचा दर हजारी साडेसहाशेहून अधिक होता. एवढ्या आकड्यांवरून निर्णय द्यावयाचा तर मुंबईत कोणी राहावयासच नको होते. तरीही माणसे येत राहिली. ती अज्ञानाने आली असे म्हणणे सोपे आहे, पण ते पटण्यासारखे नाही.

कोकणातून आलेल्या कामगाराच्या तोंडी ‘घर’ हा शब्द गावच्या घरापुरता राखून ठेवलेला असे. मुंबईत असे ते ‘बिऱ्हाड’ किंवा नुसती ‘खोली’. बिऱ्हाड हे आज येथे तर उद्या तेथे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर या म्हणीत त्या शब्दाचा सारा भाव आला आहे. साच्यावर तीस वर्षे काढलेला मनुष्यही गावी ‘चाकरमानी’च म्हणविला जाई. शहरातील त्याचे वास्तव्य चाकरीपुरते आहे, हा करार त्या नावातच होता. एका गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोल्या आणि गोमंतकीयांच्या धोबीतलावाकडील ‘कूड’ ही या व्यवस्थेची दृश्य रूपे होत. पाळीवरून आलेल्याने निजावे, पाळीवर जाणाऱ्याने उठावे, जेवण खानावळीत घ्यावे आणि उरलेले पैसे मनीऑर्डरने घरी धाडावे, असा क्रम होता. पत्नीचा उल्लेख ‘आमची मंडळी गावी असते’ असा होई. शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि मुले सांभाळणारी ही एक व्यक्ती अनेकवचनात झाकली जाई.

हे दुसरे पारडे किती वजनदार होते, हे प्लेगच्या साथीत कळून आले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारे ३,८०,००० लोक शहर सोडून गेले. १८९१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे सव्वाआठ लाख होती, हे लक्षात घेता हे प्रमाण निम्म्याच्या जवळ जाते. मजूर टिकावेत म्हणून गिरणीमालकांना रोजची मजुरी रोज देणे भाग पडले. जावयास ‘घर’ होते म्हणूनच एवढी माणसे जाऊ शकली. पण ती परतलीही : १९०१ मध्ये ७,७६,००६ पर्यंत उतरलेली लोकसंख्या १९०६ च्या खास गणनेत ९,७७,८२२ झाली. गावाने माणसे जगविली. त्यांना रोख पैसा मात्र ते देऊ शकले नाही. जमिनीचे तुकडे पडले होते आणि सारा व सावकार या दोघांनाही नाणेच हवे होते.

शहराच्या खर्चाचा मोठा भाग गावाच्या खात्यावर पडत असे, याची आणखी दोन उदाहरणे देता येतील. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. त्यामुळे जन्म गावी आणि पुढे मृत्यू मुंबईत, अशी नोंद होऊन बालमृत्यूचा वर दिलेला दर काही अंशी फुगत असे. म्हणजे ज्या आकड्याला आपण शहराचे दूषण समजतो, त्यातही गावचा वाटा दडलेला आहे. दुसरे उदाहरण संपाचे. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. एवढा काळ पगाराविना तग धरणे अनेकांना शक्य झाले, ते गावाच्या आधारावर.

तथापि हा आधार सर्वांना नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कामगारांचे गावचे पारडे हलके होते : जमीन नाममात्र, वस्ती गावकुसाबाहेर, वाट्याला वेठ. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, या सबबीवर मुंबईतही त्यांना साचेखात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. शहर निर्दोष नव्हते. परंतु येथे शाळा होती, सभा होती, संघटना होती. स्वतः बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत अनेक वर्षे राहिले. ज्याला परतण्याजोगे घर नाही, त्याच्या दृष्टीने ‘खोली’ हेच घर होय. एकाच चाळीतील दोन बिऱ्हाडांचा जमाखर्च भिन्न असू शकतो, हे विसरता कामा नये.

पुढे या शब्दांचे अर्थच बदलले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने खोलीचे भाडे जवळजवळ गोठले आणि पागडीमुळे ती खोली हीच कुटुंबाची मोठी मत्ता ठरली. ‘बिऱ्हाड’ स्थावर झाले. कुटुंबे आली, मुले येथेच शिकली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा पुष्कळजण जुन्या सवयीने गावी गेले. पण या वेळी परतण्यासाठी पूर्वीची गिरणीच उरली नाही. मनीऑर्डरी थांबल्या आणि त्यांच्यावर चालणारी घरे पेचात पडली. मुंबईत राहिलेल्या कुटुंबांना खोलीने धरून ठेवले, आणि पुष्कळ ठिकाणी ती तगली ती बायकांच्या कमाईवर : खानावळीचे डबे, घरकाम, शिवणकाम.

या विवेचनातून एवढेच निष्पन्न होते की, शहरात राहण्याचे लाभ-हानी एका शहराच्या आकड्यांवरून ठरविता येत नाहीत. कोणाच्या मागे कोणते घर आहे आणि ते कोण राखीत आहे, हे आधी विचारावयास हवे. गिरणगावचा जमाखर्च दोन वह्यांत लिहिला गेला. त्यांपैकी मुंबईची वही आपण पुष्कळ वाचली. गावी राहिलेल्या त्या ‘मंडळी’ची वही अद्याप पुरती उघडलेली नाही. ती उघडण्याचे काम भाषेच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून करावयाचे आहे.