केबल जोडणी
भूमिगत वीजवाहक केबलींचे तुकडे अखंडपणे सांधण्याचे व केबलचे टोक रोहित्र किंवा स्विचगिअरला जोडण्याजोगे बंद करण्याचे काम; सांधण्यास ‘जॉइंट’ व टोक बंद करण्यास ‘टर्मिनेशन’ म्हणतात. शिशाचे आवरण असलेल्या कागद-निरोधित केबलींच्या काळात हा जोड वितळलेल्या शिसे-कथील मिश्रधातूने लिंपला जाई. क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीन निरोधन (पहा : निरोधक) रूढ झाल्यावर तापवून आकसणाऱ्या नळ्या प्रचारात आल्या.

जोडणाऱ्यास ‘जॉइंटर’ म्हणतात. तो चिलखती तारा, आवरण, धातूचा पडदा, अर्धवाहक थर व निरोधन ठरावीक मापाने पायरीपायरीने सोलतो. अर्धवाहक थर जेथे संपतो तेथे विद्युत् क्षेत्र एकवटत असल्याने त्या जागी ताणनियंत्रक नळी बसवितात. निरोधनावर उमटलेला सुरीचा ओरखडा किंवा अडकलेला धूलिकणही तेथे आंशिक विसर्जनास (पहा : विद्युत् विसर्जन) पुरेसा होतो, त्यामुळे घाई या कामाला मानवत नाही. वाहक फेरूल किंवा लगमध्ये दाबयंत्राने दाबून बसवितात, पडदा व चिलखत यांचे भूसंपर्कन अखंड राखतात आणि वीजप्रवाह सोडण्यापूर्वी मेगरने निरोधन रोध मोजतात.

नागपूर परिसरातील काळी माती (पहा : रेगूर मृदा) पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून अशा जमिनीत जोडाभोवती वाळूचा थर, केबलचा राखीव वळसा आणि जोडाची जागा दाखविणारी खूण यांना विशेष महत्त्व असते.