तंजावरचा राजवाडा आणि नागोरचा मिनार

तंजावरच्या राजवाड्यात मराठी राज्य कसं आलं, हे सांगताना सुरुवात विजापूरपासून करावी लागते. वाडा मूळचा तेलुगू बोलणाऱ्या नायक राजांचा. 1673 साली मदुरेच्या नायकांनी तंजावर घेतलं, तेव्हा मारल्या गेलेल्या राजाचे लोक मदत मागायला आदिलशाही दरबारात गेले. दरबाराने पाठवलेला सरदार होता व्यंकोजी भोसले, शहाजीराजांचा मुलगा, शिवाजी महाराजांचा सावत्र भाऊ. त्याने मदुरेवाल्यांना हटवलं आणि थोड्याच दिवसांत, 1675-76 च्या सुमारास, गादीवर स्वतःच बसला. आदिलशहाचा सरदार, मराठी राजा, तेलुगू वाडा, तमिळ रयत! आता याला ‘हिंदू विरुद्ध मुस्लिम’च्या कोणत्या खान्यात बसवायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

या घराण्यातली नावंच पाहा. शहाजी, सरफोजी ही नावं तंजावरच्या गादीवर पुन्हा पुन्हा येतात. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्यात नवस केला आणि मुलांची नावं शहाजी व शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. ‘सरफोजी’ हे त्याच शरीफजीचं रूप. वाड्यातल्या एका भागाचं नाव आहे सदर महाल. उर्दूच्या तासाला मी ‘सदर’ म्हणजे अध्यक्ष असं शिकवतो आणि मराठीच्या तासाला ‘सदर’ म्हणजे कचेरी, बैठकीची जागा. मूळ अरबी शब्द एकच. मुलांना याची गंमत वाटते. आणि ‘तुमचं मराठी इतकं छान कसं?’ असं मला कौतुकाने विचारणाऱ्या मोठ्या माणसांनाही मी हाच शब्द ऐकवतो.

पण मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते वाड्याबाहेरचं आहे. नागपट्टिनमजवळ समुद्रकाठी नागोर आहे, तिथे सोळाव्या शतकातले सूफी शाहुल हमीद यांचा दर्गा आहे. दर्ग्याला पाच मिनार. त्यातला सर्वात उंच, 131 फुटांचा, बांधून दिला तंजावरच्या प्रतापसिंह राजाने (1739-1763). दर्ग्याला गावं इनाम दिली ती वेगळीच. बाकीचे मिनार मुसलमान भक्तांनी बांधले, पण त्यातला एकही राजाच्या मिनाराइतका उंच नाही. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात तंजावर आलंच तर मराठी नाटकं आणि ग्रंथालय येतं. हा मिनार मी तरी कुठल्या धड्यात पाहिलेला नाही.

म्हणून सगळं गोडच होतं असं म्हणायला मी तयार नाही. 1773 मध्ये अर्काटचा नवाब मुहम्मद अली वालाजाह याने खंडणीसाठी तंजावर घेतलं, प्रतापसिंहाचा मुलगा तुळजाजी कैद झाला. नवाबासाठी लढली ती कंपनीची फौज. तीन वर्षांनी त्याच कंपनीने तुळजाजीला पुन्हा गादीवर बसवलं. भांडण पैशाचं होतं आणि दोघांच्याही मानेवर हात एकाचाच होता.

सरफोजी दुसरा (1798-1832) गादीवर आला आणि वर्षभरात राज्यकारभार कंपनीकडे गेला. त्याच्याकडे उरला वाडा आणि किल्ला. अशा रिकाम्या हातांनी माणूस काय करेल? कोणी ऐषआराम केला असता. त्याने पुस्तकं जमवली, देवनागरी छापखाना काढला, डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करून त्यांच्या नोंदी ठेवल्या. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. वाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय आज त्याच्यामुळे ओळखलं जातं. तिथे संस्कृत, तमिळ, तेलुगू ग्रंथांबरोबर तीन हजारांवर मराठी हस्तलिखितं आहेत, आणि मूठभर फारसी-उर्दूही.

शेवट ऑक्टोबर 1855 चा. 7 तारखेला मद्रासमध्ये नवाब गुलाम गौस खान वारला, 29 तारखेला तंजावरचा राजा शिवाजी. दोघांनाही मुलगा नव्हता. कंपनीने दोन्ही गाद्या संपवल्या. एकेकाळी एकमेकांवर चालून गेलेली दोन घराणी एकाच महिन्यात, एकाच कारणाने बुडाली. नवाबाचा चेपॉक महाल सरकारकडे गेला. तंजावरच्या वाड्याला कुलपं लागली, दागदागिनेही जप्त झाले. राणी कामाक्षीबाई मात्र गप्प बसली नाही, तिने मद्रासच्या कोर्टात दावा लावला आणि जिंकलाही. कंपनी अपिलात लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेली. 1859 मध्ये निकाल आला: ही राज्याची कृती आहे, कोर्टाला यात हात घालता येत नाही.

ग्रंथालय 1918 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. मोडी लिपीतली दफ्तरं तिथेच आहेत. मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि मोडी येत असून ‘सदर’, ‘मोहरम’, ‘इनाम’ या शब्दांवर न अडखळणारे त्याहून कमी. आपल्या उर्दू शाळांतून आलेल्या, मराठी पक्की असलेल्या मुलांनी हे काम धरायला हरकत नाही. मी स्वतः या सुट्टीत मोडीची बाराखडी गिरवायला घेतली आहे.