सोंगाचा राक्षस आणि खरी भीती

मराठी नाटकाचा जन्म सांगलीचा, हे या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांस नव्याने सांगावयास नको. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' उभे केले. त्या खेळांतली एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. सूत्रधार खेळ सुरू करून आत निघून जात नसे. साथीदारांसह तो रंगभूमीवरच उभा राहून पदे म्हणे. विदूषक त्याची थट्टा करी, गणपती येई, कमरेला मोर बांधून सरस्वती नाचत येई. मग राळेच्या भडक्यात, तलवार परजीत, आरोळ्या ठोकीत राक्षस येई. म्हणजे भीतीही समोर आणि त्या भीतीची सूत्रे हलविणारा माणूसही समोर! लहान मुलास खरे आणि सोंग यांतला फरक कळण्यास याहून चांगली शाळा कोणती?

मूल मुळात भोळे नसते. भातुकलीत खड्यांचा भात वाढणारी चार वर्षांची पोर तो खात नाही. परंतु ठाऊक असणे निराळे आणि न भिणे निराळे. पॉल हॅरिस या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली इंग्लंडातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांस रिकामी पेटी दाखवून, आत एखादा प्राणी आहे अशी कल्पना करावयास सांगितले. हे सारे लटके आहे, असे मुले म्हणाली. पण खोलीत एकटी राहताच त्यांतल्या कित्येकांनी पेटी चाचपून पाहिली.

याच फटीतून पुढे बुवाबाजी आत शिरते. बागुलबुवाची भीती घालून पोर निजविणाऱ्या आईस दोष देणे सोपे आहे. तिला पहाटेच्या पाळीवर जावयाचे असते; आम्ही तिला दोष देणार नाही. रिकामी पेटी भरलेली आहे असे शपथेवर सांगून पैसे घेणारा, तो खरा दोषी.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्याच्याशी उभा दावा मांडला. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापिली. कार्यकर्ते शाळांतून आधी चमत्कार करीत आणि मग त्याची युक्ती उघड करीत. दिव्यात लपविलेल्या कार्बाइडवर पाणी पडले की वायू निघतो, तो काडी लावताच पेटतो. आमच्या वेल्डिंग करणाऱ्या कामगारांस तो वायू रोजच्या ओळखीचा! २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी डिसेंबरात संमत झाला. खुनाबद्दल दोघांस जन्मठेप झाली ती २०२४ साली.

विवेक शिकवावयाचा तर राक्षसांच्या गोष्टीच बंद करा, असे काही सज्जन म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात पोरांस घेऊन येणाऱ्यांनी खेळ संपताच घाईने बाहेर पडू नये. परवानगी काढून पोरास रंगपटात न्यावे आणि मिशा उतरवून चहा पीत बसलेला राक्षस त्यास डोळे भरून पाहू द्यावा. एखाद्या पोरास मिशी ओढून पाहावीशी वाटली, तर तीही ओढू द्यावी.